उपाशी ग्रंथी का सुजते?

मंगळसूत्र सावरताना गळ्याच्या पुढच्या बाजूला फुगवटा जाणवतो. ‘‘अंगाने भरलीस, दुसरं काय!’’ असे म्हणून घरात तो हसण्यावारी नेला जातो. पण पाण्याचा घोट गिळताना तो वर-खाली होत असेल, तर तो बहुधा थायरॉइड ग्रंथीचा असतो. यालाच आपण गलगंड म्हणतो.

एखादा अवयव वाढला की तो जास्त पोसला गेला, असा आपला समज होतो. इथे मात्र बहुतेक वेळा उलटेच घडते. थायरॉइडला आपले हार्मोन बनवायला आयोडीन लागते. ते कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी ‘काम वाढव’ असा निरोप पुन्हा पुन्हा धाडते. बिचारी थायरॉइड पेशी वाढवते आणि उपाशीपोटीच फुगत जाते.

हिमालयाच्या पायथ्याशी गावेच्या गावे अशा गळ्यांची असत. 1956 साली डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील मुलांचे गलगंड स्पष्टपणे घटले. साध्या मिठाच्या विभागात ते तसेच राहिले. पुढे त्यांनाही आयोडीनयुक्त मीठ मिळाले.

प्रश्न केवळ रूपाचा नाही. गरोदरपणी आयोडीनची फार कमतरता राहिली, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही. आणि गरज तरी केवढी? मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम; सत्तर वर्षांचे मिळून चार ग्रॅमही होत नाही. गरोदर स्त्रीला थोडे अधिक लागते.

म्हणून पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेले पाहूनच मीठ घ्या. उपवासाचे सैंधव किंवा साधे खडेमीठ त्याची जागा घेऊ शकत नाही. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, शेगडीपासून दूर ठेवा आणि शक्यतो पदार्थ होत आल्यावर घाला. आयोडीनसाठी मिठाचे प्रमाण मात्र वाढवू नका.

गळ्याला सूज दिसली तर घरगुती लेपात वेळ घालवू नका. प्रत्येक गलगंड आयोडीनच्या अभावाचा नसतो. गाठही असू शकते. डॉक्टरांना दाखवा, रक्ततपासणी करून घ्या. ‘भरलीस’ म्हणून हसण्याआधी सासूबाईंनीच सुनेला पाण्याचा एक घोट घ्यायला सांगावा, हे बरे.