माल चोख, मग धंदा का अडतो?

लेथवर हात बसलेला कारागीर नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप टाकतो. काम चोख, तरी वर्ष-दोन वर्षांत ओढाताण सुरू होते. मग ‘धंदा आपल्या रक्तातच नाही’ असं म्हणून घरचे मोकळे होतात. खरी कारणं बहुधा पुढच्या चार समजुतींत सापडतात.

गैरसमज १ : माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं.
वस्तुस्थिती : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरात खोट नव्हती. पण लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी मानत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. ती भीती घालवणं हे नांगर ओतण्याइतकंच मोठं काम होतं. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठीच. तिचंच नंतर ‘किर्लोस्कर’ मासिक झालं.

गैरसमज २ : बोलका माणूसच धंदा करतो, तांत्रिक बाजू पगारी माणूस बघेल.
वस्तुस्थिती : एका नगाला किती वेळ लागतो, किती माल वाया जातो, हे मालकाला ठाऊक नसेल तर कोटेशन अंदाजपंचे जातं. दिलेली तारीख हुकते आणि गोड बोलून मिळवलेली ऑर्डर तोट्यात जाते. उलट, ड्रॉइंग बघून नेमकी शंका काढणारा माणूस मितभाषी असला तरी गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवतो.

गैरसमज ३ : उधारी मागितली की संबंध बिघडतात.
वस्तुस्थिती : बिघडतात ते आधी काहीच न ठरवल्यामुळे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांनी पुरवलेल्या मालाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे. पण कायदा वसुलीचा फोन करत नाही. ऑर्डर घेतानाच मुदत कागदावर आणणं आणि ती संपण्याआधी आठवण देणं, हे मालकालाच करावं लागतं.

गैरसमज ४ : धंद्याला लागणारे हे गुण उपजत असतात.
वस्तुस्थिती : पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेला प्रयोग २०१७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. एका गटाला हिशेब, मार्केटिंग असं नेहमीचं प्रशिक्षण दिलं; दुसऱ्याला पुढाकार घेणं, नव्या संधी हेरणं, अडचणीतून वाट काढणं शिकवलं; तिसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्याच्या तुलनेत दुसऱ्या गटाचा नफा सरासरी ३० टक्क्यांनी वाढला. पहिल्याची वाढ ११ टक्के दिसली, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती टिकली नाही.

तेव्हा कर्जाचा अर्ज भरण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : या वस्तूचा नगामागे खर्च मला सांगता येतो का? आणि थकबाकीदाराला फोन लावताना माझी जीभ अडखळते का? जिथे अडेल, तिथून शिकायला लागावं.