उद्धट कोण, मगरूर कोण?

औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून खुशाल पहुडले होते. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांनी ते पाहिलं आणि त्यांचा संताप झाला. पाय काढा, असं त्यांनी बजावलं. त्यावर विसोबांनी सांगितलं की, देव नसेल अशी जागा बघ आणि तूच माझे पाय उचलून तिथं ठेव. नामदेवांनी जिथं पाय न्यावेत तिथं पिंड उभी! महिपतींच्या 1762 सालच्या 'भक्तविजया'ने असल्या संतकथा घरोघरी नेल्या. हिंगोलीजवळच्या नर्सीचे म्हणून ओळखले जाणारे नामदेव ज्याला उद्धटपणा समजले, तोच त्यांचा पहिला धडा ठरला.

याच देवळाची दुसरी कथा उलट बाजूची आहे. या खेपेला उद्धट ठरले ते नामदेव. शिंप्याचा माणूस देवापुढं कीर्तनाला उभा राहतो म्हणून त्यांना मागच्या बाजूला घालवलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. औंढ्याला देवळाच्या पाठीशी असलेला नंदी आजही याची खूण म्हणून दाखवतात. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्यांतल्या एका पदात भक्ती करताना धरून उठवल्याची आणि देऊळ फिरल्याची हकिकत येते.

'उद्धट' हा शब्द संस्कृत 'उद्धत'वरून आला. उद् म्हणजे वर आणि हन् म्हणजे मारणे. तडाखा बसून वर उसळलेलं ते उद्धत. 'शाकुंतला'त दुष्यंताचा रथ धावतो तेव्हा घोड्यांच्या टापांनी उडालेली धूळ उद्धत आहे. पायाखालची वस्तू वर उडाली, एवढाच मूळ अर्थ. पण मराठीत हा शब्द कुणाला चिकटतो ते पाहण्यासारखं आहे. उद्धट पोरगं, उद्धट सून, उद्धट गडी. मालकाला उद्धट म्हणणारा गडी क्वचितच सापडेल. ज्याने खाली राहावं अशी अपेक्षा असते, त्याने मान वर केली की हा शब्द तयारच असतो.

गावगाड्यात याची फार जड किंमत मोजावी लागली. महाराने वरच्या जातीच्या माणसाला 'जोहार' घालायचा, ही रीत होती. तो न घालणं हाच उद्धटपणा. आंबेडकरी चळवळीने जोहार टाकून दिला आणि 'जय भीम' आणला, जो दोन्ही बाजूंनी सारखाच म्हटला जातो. ज्यांना वाकलेल्या माना बघायची सवय होती, त्यांना तो नमस्कार उर्मट वाटला, यात नवल नाही.

वरच्यांसाठी मराठीने वेगळे शब्द राखून ठेवले आहेत, आणि त्यांतले बरेचसे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. सर्वांत बोलका 'मगरूर'. अरबीत त्याचा मूळ अर्थ 'फसलेला', भुलवला गेलेला. गरूर म्हणजे ती भूल. सत्तेने किंवा पैशाने ज्याला स्वतःबद्दलच फसवलं, तो मगरूर. गर्विष्ठ माणसाचं इतकं अचूक निदान दुसऱ्या कुठल्या शब्दात झालेलं नाही.

'मुजोर' म्हणजे मुंहजोर, तोंडाचा जोरकस. हे मूळचं घोड्याचं वर्णन: लगाम ओढला तरी तोंड न वळवता उधळणारं जनावर. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी हिंगोलीत होती, तेव्हा असल्या जनावरांची ओळख इथं निराळी करून द्यावी लागत नसणार. आता घोडे गेले, पण वर्तमानपत्रांत मुजोर ठेकेदार, मुजोर अधिकारी रोज भेटतात.

'भीडमुर्वत' हा त्याहून नाजूक शब्द. मुर्वत अरबी 'मुरुव्वत'पासून आली आणि तिच्या मुळाशी माणूसवाचक शब्द आहे. म्हणजे मुर्वत ही माणुसकीच. बेमुर्वतखोर माणूस नुसता तोंडाळ नसतो, त्याने समोरच्याला माणसांतून वजा केलेलं असतं. हे शब्द निजामी राजवटीच्या कितीतरी आधीपासून सगळ्या महाराष्ट्रात बोलले जात होते. मात्र 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याच्या या मुलखात कचेरीचा कागदच उर्दूत लिहिला जाई. त्यामुळे अदब आणि बेअदबी हे इथं रोजच्या व्यवहाराचे शब्द होते.

उद्धटपणाचा शिक्का बोलीवरही बसतो. 'ग्राम्य' म्हणजे खरं तर गावचा, पण संस्कृत काव्यशास्त्राने ग्राम्यता दोषांत मोजली. इंग्रजांच्या 'रूड'चं मूळ लॅटिनमध्ये 'कच्चा, न घडवलेला' असं आहे. शहराने आपली रीत ही सभ्यता ठरवली आणि उरलेल्यांना अडाणी. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांच्या बोलण्याला रांगडं, उर्मट म्हणून हिणवतात तो याच समजुतीचा वारसा, आणि तो अन्यायाचा आहे.

कारण मराठीत नुसत्या संबोधनावरून अपमान ठरत नाही. आपण आईला 'अगं' म्हणतो, विठ्ठलाला 'अरे' म्हणतो. वारीत तर वयाचा, जातीचा हिशेब न करता माणसं एकमेकांच्या पाया पडतात. पण सातबाऱ्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या, पागोटं बांधलेल्या म्हाताऱ्याला आतला पोरगेला कारकून कागदावरची नजर न उचलता 'काय रे, काय पाहिजे?' म्हणतो, तेव्हा ती अरेरावी होते. म्हातारा बहुतेक वेळा गप्प राहून कागद पुढं सरकवतो. त्याच्याबरोबर आलेली नात मात्र म्हणते, 'अहो साहेब, आजोबांना अहो म्हणा.' अरेला कारे न करता तिने हे म्हटलेलं असतं, तरी रांगेतलं कुणीतरी पुटपुटतंच, पोरगी उद्धट दिसते.