वाघाला आंबेमोहोराचा वास

उद्या बन्नेरघट्ट्याच्या सफारीला जायचं म्हणून दुपारपासून दुर्बीण पुसताय, पुसा. पण पोरांनो, वाघाची खरी गंमत डोळ्यांपेक्षा नाकाला जास्त कळते. या इकडे, सांगतो.

बन्नेरघट्टा आपल्या बेंगळुरूच्या दक्षिणेला, आनेकल तालुक्यात. १९७४ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. तिथलं रान दक्षिणेकडे थेट कावेरीच्या अभयारण्यापर्यंत जातं आणि हत्ती त्या वाटेने ये-जा करतात. सफारीतले वाघ मात्र कुंपणातले. सर्कशीतून सोडवलेल्या वाघ-सिंहांनाही या उद्यानाने आसरा दिला आहे. त्यांना शिकार करावी लागत नाही, खाणं वेळेवर समोर येतं. तरी एक सवय त्यांच्या अंगातून जात नाही. ती दिसली तर माझा खांदा हलवा, मी डुलकी काढत असलो तरी.

वाघ चालता चालता एखाद्या झाडापाशी थांबतो. झाड हुंगतो, मग त्याच्याकडे पाठ करतो. शेपूट सरळ वर जाते, टोक थरथरतं आणि मागच्या मागे बुंध्यावर जोरात फवारा उडतो. नेहमीची लघवी तो खाली बसून करतो. ही फवारणी वेगळी.

आणि तिला वास कसला येतो, सांगा बरं? ताज्या शिजलेल्या सुवासिक भाताचा! हसू नका. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी नावाचे शास्त्रज्ञ वाघांच्या वासामागे वर्षानुवर्षं लागले होते. ओडिशात सिमिलिपालजवळ जशीपूरला सरोज राज चौधरी या वनाधिकाऱ्यांनी खैरी नावाची वाघीण घरात लेकीसारखी वाढवली होती. ब्रह्मचारींनी तिचाही अभ्यास केला. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वासामागचं रसायन ओळखलं आणि १९९० साली ते जगापुढे मांडलं. त्याचं नाव २-असेटिल-१-पायरोलिन. नाव विसरलात तरी चालेल, वास विसरू नका. तेच रसायन बासमतीत आहे आणि आपल्या आंबेमोहोरातही. भात शिजताना आजी ते हिरवं लांबट पान घालते ना, त्यातही तेच. मोहाच्या फुलांतसुद्धा! म्हणजे विदर्भाच्या रानात मोह वेचणाऱ्या बाईच्या टोपलीला आणि तिथून गेलेल्या वाघाला एकच गंध. मला तर हे वाघाच्या डरकाळीपेक्षा मोठं नवल वाटतं.

पण भाताचा वास तर ताट संपेपर्यंत उडून जातो, मग वाघाचा कसा टिकतो? त्या फवाऱ्यात स्निग्ध पदार्थ असतात. ते वासाला धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. अत्तरवाला चंदनाच्या तेलात फुलांचा वास बांधतो, तसंच. शिवाय वाघ झाडही पारखून घेतो. नेपाळमधल्या चितवनच्या अभ्यासकांना दिसलं, की त्याला कललेली झाडं आवडतात आणि फवारा तो खालच्या अंगाला मारतो. तिथे पावसाचं पाणी सहजी पोचत नाही.

दुसरा वाघ आला की तो ती जागा हुंगतो. वरचा ओठ मागे ओढतो, नाकावर सुरकुत्या पडतात, तोंड अर्धवट उघडं राहतं. बघणाऱ्याला वाटतं, चिडलाय. तसं नसतं, तो वास ‘वाचत’ असतो. त्याच्या टाळूत, पुढच्या दातांच्या मागे, दोन बारीक छिद्रं असतात. तिथून वास एका खास इंद्रियापर्यंत जातो. इथून कोण गेलं, नर की मादी, मादी माजावर आहे का, हे त्याला तिथे कळतं. एकट्याने राहणाऱ्या जनावराला हे फार उपयोगी. समोरासमोर भांडण झालं, जखम झाली आणि शिकार जमेनाशी झाली, तर जिंकलेला वाघही उपाशी मरेल. म्हणून बरीच भांडणं वासावरच मिटतात.

बंदीपूर, मेळघाट अशा मोकळ्या रानात वाघाला हे काम सतत करावं लागतं. हद्दीवरची झाडं तो पुन्हा पुन्हा ताजी करतो. हद्द राखणारा मेला, की फवारे शिळे होतात आणि शेजाऱ्याला ते हुंगताच समजतं. मग तो त्याच झाडांवर स्वतःचे फवारे मारत आत सरकतो.