ओठ पुढे, आवाज मागे

आजचा विषय घरगुती आहे. जुना संगणक मोठ्या टीव्हीला जोडायचा, जवळ दोन स्पीकर ठेवायचे आणि घरातच थिएटर करायचं, ही हौस आता बीड, अंबाजोगाई, परळीसारख्या गावांतही रुजली आहे. चित्र झकास दिसतं, आवाज खणखणीत येतो आणि तरी पाच मिनिटांत काहीतरी खटकू लागतं. नटाचे ओठ मिटतात आणि वाक्य मागून येतं. कव्वालाचे हात वेगळे होतात, मग टाळी ऐकू येते. तबल्यावर थाप पडलेली दिसते, पण सम मात्र कुठेतरी मागे राहिलेली असते.

दुखणं नवं वाटलं तरी ते बोलपटाइतकंच जुनं आहे. सुरुवातीच्या काही अमेरिकन बोलपटांत आवाज फिल्मवर नव्हताच, तो वेगळ्या तबकडीवर असे. पडद्यावर चित्र आणि बाजूला तबकडी, दोन्ही एकाच मोटारीवर फिरत. सुईने उडी मारली की नायिकेच्या तोंडी नायकाचा आवाज! फिल्म तुटली आणि चार चौकटी कापाव्या लागल्या, तर तेवढ्याच कोऱ्या चौकटी मध्ये जोडाव्या लागत. नाहीतर पुढचा सगळा भाग बेसूर होई. मग आवाज फिल्मच्याच कडेवर उमटवण्याची पद्धत आली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागलेला आर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ या पद्धतीचा होता. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदा बोलू लागला.

पण फिल्म एक झाली तरी प्रश्न उरलाच. चित्रासाठी फिल्म दर सेकंदाला २४ वेळा थांबावी लागते. आवाजासाठी मात्र ती अखंड सरकावी लागते. एकाच जागी दोन्ही कसं जमणार? म्हणून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एखाद्या चित्राचा आवाज त्या चित्राच्या शेजारी नसतो, तो सुमारे २१ चौकटी पुढे छापलेला असतो. भिंगापासून आवाज वाचणाऱ्या भागापर्यंत फिल्मचं तेवढंच अंतर ठेवायचं, हे ऑपरेटरचं काम. मधे सोडलेला फिल्मचा झोल दोन चौकटींनी जास्त झाला, की आवाज सेकंदाच्या बाराव्या भागाएवढा मागे पडतो. जत्रेतल्या तंबूत ‘अरे, आवाज जुळव!’ अशी आरोळी उठली, की ऑपरेटरला हा झोल पाहावा लागे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर २०१६ साली ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपटही निघाला.

आता प्रश्न असा, की सेकंदाच्या एवढ्याशा तुकड्याने बिघडतं काय? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. म्हणजे चित्राची एक चौकट सरकेपर्यंत तो जेमतेम १४ मीटर पुढे जातो. पडद्यापासून शंभर फुटांवर बसलेल्या माणसाला आवाज दोन चौकटी उशिराच पोचतो, आणि त्याला ते जाणवतही नाही. आपल्या मेंदूला अशा उशिराची सवय आहे. वीज आधी चमकते, गडगडाट मागून येतो. लांबच्या घाटावर धोपटणं आपटलेलं आधी दिसतं, मग ऐकू येतं. उलटा क्रम निसर्गात नाही. म्हणून प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मापदंडात असं धरलं आहे, की आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाच्या लक्षात येतो. उशिरा आला तर मात्र सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत तो खपून जातो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

आणि आपण नुसते कानांनी ऐकतो असंही नाही. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या बाईचे ओठ ‘गा’ म्हणत होते आणि ध्वनी ‘बा’चा लावला होता. बघणाऱ्या बहुतेकांना ‘डा’ ऐकू आलं! डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. ऐकण्यात डोळ्यांचा वाटा असतो तो असा.

आता आपल्या संगणकाकडे वळू. इथे चित्र आणि आवाज दोन वेगळ्या वाटांनी जातात. नवे टीव्ही चित्र उजळण्यासाठी, हालचाल गुळगुळीत करण्यासाठी प्रत्येक चौकट थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतात. आवाज थेट स्पीकरला जोडलेला असेल, तर तो आधी पोचतो. उलट ब्लूटूथचा बिनतारी स्पीकर असेल, तर आवाज बांधून, पाठवून, पुन्हा सोडवायला सहसा शंभर ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. तिथे आवाज मागे पडतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. पहिला, आवाज आधी येतो की मागून? त्यासाठी संवाद पाहू नका, टाळी वाजवणारा माणूस पाहा. शूटिंगच्या वेळी क्लॅपची पाटी आपटतात तीही त्याचसाठी. दुसरा, फरक सगळ्याच चित्रपटांत आहे की एकाच? सगळीकडे असेल तर दोष जोडणीत, एकाच ठिकाणी असेल तर त्या फाइलीत. तिसरा आणि सगळ्यांत महत्त्वाचा, फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच राहतो, की वाढत जातो?

सारखाच राहत असेल तर काम सोपं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ लावा; चित्रावरचे संस्कार कमी होतात आणि ते लवकर येतं. ब्लूटूथ सोडून साधी वायर लावून पाहा. टीव्ही किंवा ॲम्प्लिफायरमध्ये ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ असेल तर त्याने आवाज मागे ओढता येतो. व्हीएलसी प्लेअर वापरत असाल तर ‘के’ ही कळ दर दाबण्याला आवाज ५० मिलिसेकंद मागे नेते आणि ‘जे’ तेवढाच पुढे आणते. टाळी जुळली की थांबा.

फरक वाढत जात असेल तर या कळांनी काही होणार नाही. आता जुळवाल आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुटेल. अशा वेळी चित्रपट एकदम शेवटाकडे सरकवून पाहा. सरकवल्याबरोबर आवाज जुळला, तर संगणक थकतो आहे. बाकीचे कार्यक्रम बंद करा, डिस्प्लेचा ड्रायव्हर नवा घ्या, प्लेअरमधलं ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ एकदा चालू, एकदा बंद करून बघा. सरकवल्यावरही मोठा फरक तसाच दिसला, तर फाइलच चुकीच्या गतीने बनली आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, आपल्याकडचं टीव्ही प्रसारण २५ चौकटींचं. एकाची गती चित्राला आणि दुसऱ्याची आवाजाला लागली, तर तासाभरात दोन मिनिटांहून जास्त अंतर पडतं. अमेरिकन पद्धतीची २३.९७६ ची गती आणि पूर्ण २४ यांची गल्लत झाली तरी तासाला साडेतीन सेकंद सुटतात. मोबाइलवर काढलेल्या लग्नाच्या चित्रणात चौकटींची गती कमीजास्त होत राहते. एडिटिंगपूर्वी ती एकसारखी करून घ्या, असं व्हिडिओवाल्याला आधीच सांगावं.

हे सगळं शौकिनांचे चोचले आहेत असं कोणी म्हणेल. तसं नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एका वृद्ध चाचांनी टीव्ही पाहणं सोडलं होतं. ‘बोलतात काय तेच कळत नाही,’ म्हणायचे. मुलांनी आवाज वाढवला, कानाचं मशीन आणलं. पण चाचा समोर बसलेल्या माणसाशी नीट बोलत. कारण कान अधू झाल्यापासून नकळत ते ओठ वाचत होते, आणि नव्या बिनतारी स्पीकरने नेमका तोच आधार काढून घेतला होता. एक वायर लावली आणि चाचा पुन्हा बातम्या ऐकू लागले. तोवर घरात सगळ्यांनी त्यांच्या वयाला दोष देऊन झाला होता.

तेव्हा घरातलं म्हातारं माणूस ‘समजत नाही’ म्हणालं, तर आवाजाचं बटण पिळण्याआधी पडद्यावरची एक टाळी तपासा. हात आणि आवाज एकत्र येतात का, ते बघा. येत नसतील तर दुरुस्ती कानांची नाही, यंत्राची करायची आहे. आणि ती बहुधा फुकटात होते.