रिड्यूसर निवडण्याची चाळीस वर्षं

पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून फुटतो. इथल्या आकाशात पनवेल, कळंबोली, जेएनपीटीचा उजेड वर्षागणिक चढत गेला. त्यासोबत दुर्बिणीला कोणता फोकल रिड्यूसर, म्हणजे नाभीय अंतर कमी करणारं भिंग, लावावा, याचं उत्तरही बदललं.

१९८५-८६ला हॅलीचा धूमकेतू आला, मुंबईत खगोल मंडळ उभं राहिलं. तो फिल्मचा जमाना. आठ इंची श्मिट-कॅसग्रेनचं नाभीय अंतर २०३२ मिमी, म्हणजे एफ/१०. लांब एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनक्षमता मंदावत जाते, आणि तेवढा वेळ मार्गदर्शक ताऱ्यावरून नजर हलवायची नाही. पुढे एफ/६.३चा रिड्यूसर आला. नाभीय अंतर १२८०वर उतरलं, एक्स्पोजर अडीचपट घटलं. तेव्हा वेगासाठी रिड्यूसर घेणं अगदी योग्य होतं.

मग सीसीडी कॅमेरे आले. त्यांची चिप नखाएवढी, म्हणून एफ/३.३चे रिड्यूसर निघाले. तेच पुढे डीएसएलआरला लावले की फोटोचे कोपरे काळे पडत.

आजच्या सीमॉस कॅमेऱ्यांचा स्वतःचा गोंगाट इतका कमी आहे की छोटी छोटी एक्स्पोजर एकावर एक रचता येतात. शिवाय आरसा तोच, तर तेजोमेघाकडून येणारा प्रकाशही तेवढाच. रिड्यूसर तो दाटवतो, पण पनवेलचा उजेडही त्याच प्रमाणात दाटवतो. म्हणून पळस्प्यात रिड्यूसर घ्यावा तो क्षेत्रासाठी, असं माझं ठाम मत आहे. २०३२ मिमीला एपीएस-सी सेन्सरवर पूर्ण चंद्रसुद्धा मावत नाही, १२८०ला ऐसपैस मावतो. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला ०.३८ऐवजी ०.६ विकला येतात. वातावरण दोन-तीन विकलांचा तपशील पुसत असताना त्याहून बारीक मोजून हाती काही लागत नाही.

निवडताना रिड्यूसरपासून सेन्सरपर्यंतचं अंतर आधी मोजावं. या एफ/६.३च्या मागे सेन्सर साधारण १०५ मिमीवर हवा, अपवर्तक दुर्बिणींच्या बहुतेक रिड्यूसरना ५५ मिमी लागतात. अपवर्तकाचं अंतर दोन-तीन मिमी चुकलं तरी कडेचे तारे लांबट होऊ शकतात. एज एचडी दुर्बिणीला हा जुना रिड्यूसर लावू नये, तिचा वेगळा असतो. आणि कोकणातली बुरशी! पावसाळ्यात काच सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यातच ठेवावी.

एफ/२च्या हायपरस्टार जोडाचा मोह मोठा. पण पळस्प्यात उजेड अडवणाऱ्या ड्युअल-बँड फिल्टरशिवाय भागत नाही, आणि एफ/२ला किरण इतके तिरपे येतात की साध्या फिल्टरची तरंगपट्टी सरकते. त्यासाठी वेगळा फिल्टर घ्यावा, नाहीतर तो जोड माथेरानच्या डोंगरापलीकडे, वांगणीच्या बाजूला न्यावा.