काळ्या बिबट्याचा वर्ण आणि त्याची आनुवंशिकी : चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाच्या संदर्भात

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पात मे २०१८ मध्ये पर्यटकांना काळा बिबट्या दिसला आणि त्याची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. असा प्राणी म्हणजे बिबट्याहून निराळी अशी एखादी जात होय, असा समज अद्यापही आढळतो. वस्तुतः काळा बिबट्या आणि पिवळ्या अंगाचा, ठिपक्यांचा बिबट्या हे दोन्ही पँथेरा पार्डस या एकाच जातीचे असून एका मादीच्या एकाच वेतात दोन्ही वर्णांची पिल्ले जन्मास येऊ शकतात. हा वर्णभेद कसा उद्भवतो, तो दुर्मीळ का दिसतो आणि दुर्मीळ दिसणारा गुण वस्तुतः कितपत दुर्मीळ असतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचा या प्रदेशातील वन्यजीवरक्षणाशी निकटचा संबंध आहे.

वर्णाची घडण

प्रवाळभित्तींच्या आश्रयाने राहणाऱ्या माशांच्या त्वचेत काळ्या, पिवळ्या-तांबड्या आणि प्रकाश परावर्तित करणाऱ्या अशा अनेक प्रकारच्या रंगपेशी असतात. त्यांच्या मांडणीतून त्या माशांचे चित्रविचित्र पट्टे निर्माण होतात. सस्तन प्राण्यांना ही समृद्धी लाभलेली नाही. त्यांच्यात रंगद्रव्य तयार करणारी पेशी एकाच प्रकारची असून ती मेलॅनिनचे दोनच प्रकार निर्माण करते : काळसर युमेलॅनिन आणि पिवळसर-तांबूस फिओमेलॅनिन. वाघाचा पट्टा, बिबट्याचा ठिपका आणि चितळाची तांबूस पाठ ही सर्व या दोन द्रव्यांच्या कमीअधिक प्रमाणाची, आणि जेथे ती नसतात त्या पांढऱ्या जागांची, किमया होय.

यांपैकी कोणते द्रव्य तयार व्हावे याचा निर्णय मुख्यतः रंगपेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राहक-प्रथिनावर अवलंबून असतो. एमसी१आर या नावाने ओळखले जाणारे हे प्रथिन उत्तेजित झाले म्हणजे पेशी युमेलॅनिन तयार करते. एएसआयपी किंवा अगूती या दुसऱ्या प्रथिनाने ते उत्तेजन रोखले म्हणजे फिओमेलॅनिन तयार होते. बिबट्याच्या अंगाचा पिवळा वर्ण हा अशा रीतीने अगूती प्रथिनाच्या प्रतिबंधाचा परिणाम असतो. हा प्रतिबंध नाहीसा झाल्यास पिवळ्या जागाही काळ्या होतात.

काळ्या बिबट्यात नेमके हेच घडते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या अगूती जनुकात एका ठिकाणी डीएनएचा एकच घटक बदललेला असतो. त्या बदलामुळे प्रथिनाची रचना पूर्ण होण्यापूर्वीच थांबते आणि अपुरे प्रथिन निकामी ठरते. ठिपक्यांची आखणी मात्र निराळ्या जनुकांच्या अधीन असल्यामुळे ती जशीच्या तशी राहते. तिरप्या उन्हात काळ्या बिबट्याच्या अंगावर ठिपके दिसतात ते यामुळेच. मलेशियात संशोधकांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांत अवरक्त प्रकाशाची योजना करून हे लपलेले ठिपके टिपले आणि त्यांवरून एकेक प्राणी ओळखला.

दृश्य आणि अदृश्य

हा गुण अप्रभावी आहे, हे जनुकाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी प्राणिसंग्रहालयांतील प्रजोत्पादनाच्या नोंदींवरून रॉय रॉबिन्सन यांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिले होते. आईबाप दोघांकडून सदोष प्रत आली तरच पिल्लू काळे होते. एकच प्रत आलेले पिल्लू पिवळेच राहते, परंतु तो गुण पुढील पिढीला देऊ शकते. अशा दोन वाहकांच्या संयोगात सरासरीने चारांपैकी एक पिल्लू काळे निपजते. याउलट दक्षिण अमेरिकेतील काळ्या जग्वारात दोष एमसी१आर जनुकात असून तो प्रभावी आहे. तेथे एक प्रतही पुरेशी होते. म्हणजे बाह्यरूप सारखे असले तरी त्यामागील कारण व वारशाची रीत सारखीच असेल असे नाही.

अप्रभावी गुणाच्या बाबतीत दर्शनाची वारंवारता किती फसवी असते, हे हार्डी-वाइनबर्ग नियमाने स्पष्ट होते. उदाहरणादाखल, मुक्तपणे संयोग होणाऱ्या समूहात १०० बिबट्यांमागे १ काळा आहे असे मानू. तर काळ्या प्रतीचे प्रमाण १/१०० च्या वर्गमूळाच्या हिशेबाने दहांत एक, म्हणजे २०० प्रतींपैकी २०, इतके येते. त्यांपैकी २ प्रती एकट्या काळ्या बिबट्यात आणि उरलेल्या १८ प्रती १८ पिवळ्या बिबट्यांत असतात. काळेपणाचा नऊ-दशांश वारसा अशा रीतीने पिवळ्या कातड्याखाली वावरत असतो. गुण जितका विरळ, तितका हा अदृश्य वाटा मोठा. म्हणूनच एखादा काळा बिबट्या मेल्याने तो गुण नष्ट होत नाही आणि एखादा दिसल्याने तो वाढला असेही ठरत नाही.

प्रमाणातील भिन्नता

जगभरच्या नोंदी एकत्र करून २०१७ साली केलेल्या अभ्यासात बिबट्यांतील काळ्या वर्णाचे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले. परंतु हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. दाट, दमट अरण्यांत ते वाढते, तर उघड्या व रुक्ष प्रदेशांत ते अत्यल्प असते. मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात जवळजवळ सर्व बिबटे काळे आहेत, आणि आपल्याकडे पश्चिम घाटातील सदाहरित वनांत ते अधिक आढळतात. साग, ऐन, मोह व बांबू यांचे ताडोबाचे रान पानझडीचे आहे; उन्हाळ्यात ते मोकळे होते आणि जमिनीवर ऊन-सावलीची जाळी पडते. तेथे ठिपक्यांचे अंग लपण्यास सोयीचे असल्यास नवल नाही. छद्मावरणाखेरीज, कानामागील व शेपटीच्या टोकाचे पांढरे संकेतचिन्ह काळ्या प्राण्यात लोपते, हाही एक तोटा संशोधकांनी सुचविला आहे.

तथापि दुर्मीळ वर्ण वाढण्यास नैसर्गिक निवडच कारण असते असे नाही. ओडिशातील सिमिलिपाल येथील रुंद, एकमेकांत मिसळलेल्या पट्ट्यांचे वाघ हे त्याचे बोलके उदाहरण होय. बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०२१ साली या रूपाचे कारण टॅक्पेप या जनुकातील उत्परिवर्तनात शोधले. हाही गुण अप्रभावी आहे. तरी तेथील सुमारे ३७ टक्के वाघांत तो दिसून आला. सिमिलिपालचा लहानसा वाघसमूह इतरांपासून तुटला, मोजक्या पूर्वजांचा वारसा आपसांतच फिरत राहिला आणि योगायोगाने ही प्रत वाढली, असा त्याचा अर्थ आहे. १९५१ साली रीवा परिसरात पकडलेल्या मोहन या पांढऱ्या वाघापासून बंदिवासात निकटसंबंधी संयोग घडवून जी प्रजा वाढविली गेली, तीही याच दिशेचे, पण मनुष्यनिर्मित, उदाहरण होय.

या प्रदेशापुढील प्रश्न

यावरून असे म्हणावे लागते की एखाद्या अरण्यात विलक्षण वर्णाचे प्राणी एकाएकी वारंवार दिसू लागणे ही निव्वळ अभिमानाची बाब नसून, प्रसंगी ती समूह एकाकी पडल्याची सूचना असू शकते. ताडोबाचे रान अद्याप एकाकी नाही. ब्रह्मपुरीच्या वनांतून वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या विस्तीर्ण अरण्याशी, आणि त्याद्वारे छत्तीसगडमधील इंद्रावतीशी, त्याचा संबंध टिकून आहे. परंतु कोळशाच्या खाणी, रुंदावणारे रस्ते, कालवे आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग या संचारमार्गांवर येऊन ठेपले आहेत. मार्ग तुटला तर प्रथम नाहीशी होते ती पिवळ्या बिबट्यांची ये-जा, आणि वारशाचा बहुतांश भाग वाहून नेणारे तेच असतात.

काळ्या प्रतीचे प्रमाण मोजण्यास काळा बिबट्या दिसलाच पाहिजे असे नाही. रानातून गोळा केलेल्या विष्ठेतील डीएनएवरून प्राणी कोणता हे ओळखता येते आणि अगूती जनुकातील त्या एका स्थानाची तपासणीही करता येते. ज्ञात उत्परिवर्तनच येथील काळ्या बिबट्यांतही आहे याची खात्री आधी करून घ्यावी लागेल. त्यानंतर ताडोबा, ब्रह्मपुरी, चपराळा व भामरागड येथील प्रमाणांची तुलना केल्यास, आणि तिला वर्णाशी संबंध नसलेल्या इतर जनुकस्थानांची जोड दिल्यास, या अरण्यांतील बिबटे एकमेकांत किती मिसळतात याचा अंदाज बांधता येईल. छायाचित्रात न येणाऱ्या त्या अठरा बिबट्यांची गणना हेच या संशोधनाचे खरे कार्य होय.