पाच मासे, दोनशे छप्पन्न दिवस

नाताळ जवळ आला की एरिक वास्टल या अमेरिकी प्रोग्रामरची ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’ ही कोडी जगभर सोडवली जातात, २०१५ पासून. न्यूयॉर्कला मध्यरात्री कोडं उघडतं, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या नेकनूरला सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. त्यातलं ६ डिसेंबर २०२१ चं कोडं घ्या आणि जरा टेकून बसा!

समुद्रात मासे आहेत. प्रत्येकाचा एक आकडा, रोज एकने उतरणारा. शून्य झाला की दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा, आणि शेजारी एक नवं पिल्लू, आठ आकडा घेऊन. मरत कुणीच नाही. सुरुवातीला मासे फक्त पाच: ३, ४, ३, १, २.

अठरा दिवसांनी २६. ठीक आहे. ऐंशी दिवसांनी ५,९३४. बरं. आणि २५६ दिवसांनी? २,६९८ कोटी ४४ लाख ५७ हजार ५३९!

मोजून बघू या का? अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’ लिहिला तो, परंपरेनुसार, ११८८ साली. त्याच दिवशी कुणी सेकंदाला एक मासा मोजायला बसला असता, तर न झोपता, न जेवता तो आजही मोजतच असता. ८५५ वर्षांचं काम आहे ते! माशामागे लिटरभर पाणी द्यायचं म्हटलं, तर पाच लाख लिटरच्या ५४ हजार विहिरी उपसाव्या लागतील. जवळजवळ एक टीएमसी पाणी, आणि एक टीएमसी म्हणजे काय हे बीडकरांना सांगायला नको. आता तीन सेंटीमीटरचा एकेक मासा मुंबईपासून रुळांवर ओळीने मांडा. ६४ लाख माशांतच पुणे आलं! बाकीचे २,६९७ कोटी कुठे मांडायचे? चंद्रापर्यंत. चंद्रावरून परत. तरी उरलेच, त्यांचा पृथ्वीला एक पुरा वेढा!

संगणकात एकेक मासा साठवायला गेलात, तर माशाला एक बाइट धरूनही २७ जीबी लागतात. आठ जीबीचा लॅपटॉप तिथेच मान टाकतो. पण मासे कशाला साठवायचे? आकडे शून्य ते आठच. म्हणून नऊ खाने करा आणि कोणत्या खान्यात किती मासे, एवढंच लिहा. रोज सगळी संख्या एक खाना खाली सरकवा. शून्यातली सहामध्ये मिळवा, तेवढीच आठमध्ये टाका. पायथॉनच्या दहा-बारा ओळी, नऊ खाने, २५६ फेऱ्या. एंटर दाबलं की उत्तर हजर! या युक्तीवर माझा फार जीव आहे.

आता पाचाऐवजी असेच तीनशे मासे सोडा. उत्तर एक लाख तीस हजार कोटींच्या वर जातं. खाने मात्र नऊच.